जळगावात सरळ, धुळ्यात लंगडी

लग्न होऊन चोपड्याकडच्या एका खेड्यात गेले तेव्हा माझे दोन्ही पाय चांगले होते. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढे सासरच्यांनी चारचौघांत म्हटलं की पोर मुळातच अधू होती, बापानं लपवून गळ्यात मारली. धुळ्यात आमच्या गल्लीतल्या कुणालाही विचारलं असतं तरी खरं कळलं असतं. पण विचारायला कुणी आलं नाही.

नव्वद साल उलटून गेलं होतं. सासरी केळीचा बाग होता, थोडी कपाशी होती. मी शहरातली, म्हणजे त्यांच्या लेखी धुळं हे शहरच. आई मी शाळेत असतानाच गेली. वडिलांना, म्हणजे नानांना, कापसाच्या एका जिनिंगमध्ये फिटरची नोकरी होती. त्यामुळे शेतातल्या कामाची मला सवय नव्हती, पण मी ती लावून घेतली. पहिल्याच पावसाळ्यानंतर डोक्यावर गवताचा भारा घेऊन बागेतून येताना पाटाच्या कडेवरून माझा उजवा पाय घसरला आणि घोटा आतल्या अंगाला मुडपला. ओलं फडकं फाडावं तसा आवाज मला स्वतःला ऐकू आला. भारा खाली पडला म्हणून सासू आधी भाऱ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी घोटा वांग्यासारखा झाला होता. हळद-चुन्याचा लेप लावला आणि मी कामाला गेले. सूज महिनाभरात ओसरली. दुखणं ओसरलं नाही. सकाळी पाय जमिनीवर टेकवला की टाचेपासून पोटरीपर्यंत कळ जायची, आणि थोडं वर-खाली पाऊल पडलं की घोटा पुन्हा लचकायचा. सूज दिसत होती तोवर लोकांनी मानलं. सूज गेल्यावर मी सोंग करते असं ठरलं.

सासूनं ते सिद्धच करून दाखवलं. दुपारची वेळ होती. आम्ही बाया ओसरीवर शेंगा फोडत बसलो होतो, शेजारच्याही आल्या होत्या. सासू मागून आली आणि ओरडली, "साप शे, तुन्हा पायजोडे साप शे."

पायाशी साप म्हटल्यावर मी उठले आणि पळाले. कोण नाही पळणार. ओसरीच्या पायरीवरून उडी मारली आणि त्याच पायावर पडले. मागे सगळ्या बाया हसत होत्या. साप नव्हताच. सासू त्यांना म्हणाली, "दखा, पयता येस तिले." मला पळता येतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मी पायरीखाली घोटा धरून बसले होते तेही त्यांनी पाहिलं, पण ते मोजण्यात आलं नाही.

त्या पडण्यानंतर मला पाय खरंच टेकवता येईना. मग सोंग करते म्हणणाऱ्यांनाच लंगडी नकोशी झाली. नवऱ्यानं मला एसटीत बसवून धुळ्याला आणलं. नानांनी जेवायला वाढायला लावलं, तो जेवला, हात धुतला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "पाय बरा व्हयना की सांगा. लंगडीले घरमा ठेईसन मी काय करू?" पाय बरा झाला तरच निरोप द्यायचा, असा अर्थ. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. मी तिथेच होते, ताट उचलत होते.

नाना तसे वाईट नव्हते. पण मुलगी परत आल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं. गल्लीतून जाताना ते मान खाली घालून जायला लागले. आधी हाडं बसवणाऱ्याकडे नेलं, त्यानं पाय पिरगाळून दिला. मग दवाखान्यात नेलं, तिथे गोळ्या मिळाल्या, त्यानं पोट बिघडलं. मग जिनिंगमधल्या कुणीतरी सांगितलं की पारोळ्याच्या पुढे एका खेड्यात म्हातारा आहे, तो डाग देतो. डाग म्हणजे तापवलेल्या लोखंडाचा चटका. दुखणं आत दडून बसलेलं असतं, ते त्या चटक्यानं बाहेर पळतं, असा समज.

म्हातारा अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवाशी बसला होता. विळ्याचं टोक त्यात खुपसलेलं होतं. मला वाटलं होतं, आधी काही विचारेल, पाय पाहील. त्यानं फक्त कुठे दुखतं ते बोटानं दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. मग तो नानांना म्हणाला की पाय धरा, बाया हलतात. नानांनी माझी पोटरी दोन्ही हातांनी दाबून धरली आणि माझ्याकडे पाठ केली. "सोस थोडं. तुन्हासाठेच शे हाई," असं ते म्हणत होते. म्हाताऱ्यानं घोट्याच्या दोन्ही बाजूंना आणि टाचेच्या वर चटके दिले. मी किंचाळले तेव्हा अंगणाबाहेर थांबलेल्या, पुढचा नंबर असलेल्या एका बाईनं पदर तोंडात कोंबला. परत येताना एसटीत नाना मला सारखे विचारत होते की आता कमी वाटतंय का. मी हो म्हणाले. मला भीती होती, नाही म्हटलं तर ते मला पुन्हा नेतील.

चटके चिघळले. पाऊल पुन्हा सुजलं. तेवढ्यात जळगावची मावशी, आईची धाकटी बहीण, आली. ती विधवा होती आणि कॉलेजच्या पोरांसाठी खाणावळ चालवायची. तिनं पाय पाहिला आणि नानांना माझ्यासमोर असं काही बोलली की ते चप्पल घालून बाहेर निघून गेले. मग मला म्हणाली, चल माझ्याकडे, तिथे एक नवीन डॉक्टरीणबाई आलीय, तिच्याकडे लेझर आहे. आणि लगेच पुढे म्हणाली की पोळ्या लाटायला मला माणूस हवंच आहे, बसून लाटता येतात, त्याला पाय लागत नाही. मावशीचं सगळं असं होतं. औषध आणि मजुरी एकाच वाक्यात.

जळगावला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर औषधाच्या दुकानाच्या वर त्या बाईची खोली होती. ती फिजिओथेरपिस्ट होती, तो शब्द तेव्हा कुणाला म्हणता येत नसे, म्हणून सगळे लेझरवाली बाई म्हणत. वयानं माझ्याहून फार मोठी नसावी. मावशीनं माझ्या पायाची पट्टी सोडली. बाईनं डाग पाहिले, आणि कुणी केलं असं विचारलं. मी म्हणाले, वडिलांनी नेलं होतं. तिनं पट्टी पुन्हा बांधली. मग म्हणाली की हे आधी भरू देत, तोवर मी हात लावणार नाही.

जखमा भरल्यावर तिनं घोटा हळूहळू सगळीकडे फिरवून पाहिला. सांगितलं की हाड मोडलेलं नाही, पण घोट्याला धरून ठेवणारे बंध ताणले गेलेत, त्यांना कधी विश्रांतीच मिळाली नाही. मग मशीन. राखाडी रंगाचा एक डबा, त्याला वायर, वायरीच्या टोकाला जाड पेनासारखं काहीतरी. मला काळा चष्मा घालायला दिला, तिनंही घातला. लेझर म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तापलेला विळाच होता. तिनं पेन घोट्याला टेकवलं तेव्हा मी दोन्ही हातांनी खाटेच्या कडा घट्ट धरल्या आणि दात आवळले.

काहीच झालं नाही. गरम नाही, गार नाही, मुंग्याही नाहीत. जरा वेळानं डबा वाजला आणि तिनं पेन उचलून दुसऱ्या जागी टेकवलं. मी विचारलं, सुरू केलं का. ती म्हणाली, "झालंसुद्धा. याला कोल्ड लेझर म्हणतात. यानं भाजत नाही. काही जाणवतसुद्धा नाही."

मला रडू आलं. बाईला वाटलं दुखलं. पण पाय मुडपल्यापासून माझ्या त्या पायाला जो जो हात लागला होता, त्यानं दुखवलंच होतं.

मावशीचा त्या मशीनवर विश्वास नव्हता. ती खाली उतरता उतरता म्हणाली की न दुखणाऱ्या औषधाचे कसले पैसे घेते ही. नाना रविवारी भेटायला आले तर त्यांचंही तेच. काही जाणवतं का, मग फरक कसा पडेल. बाईनं मात्र कधी बढाई मारली नाही. ती म्हणायची की नुसत्या दिव्यानं पाय बरा होईल असं मी सांगणार नाही, दिव्यानं दुखणं कमी झालं तर व्यायाम करता येईल आणि व्यायामानं पाय उभा राहील. तिनं मला जमिनीवर टाकलेला टॉवेल बोटांनी गोळा करायला लावला. खाटेला धरून एका पायावर उभं राहायला लावलं. आणि पायाच्या अंगठ्यानं हवेत बाराखडी काढायला लावली. मी मावशीकडे पोळ्या लाटताना पोळपाटाखाली पाय पसरून बाराखडी काढायची. खाणावळीतली पोरं बघून हसायची. मावशी त्यांना म्हणायची, हसू नका, ती आता शिकतेय.

उन्हाळा लागेपर्यंत मी जिना उतरायला लागले. मग बाजारातून पिशव्या घेऊन यायला लागले. एक दिवस सुटलेली बस धावत जाऊन पकडली आणि आत बसल्यावर लक्षात आलं की मी धावले. मी बाईला जाऊन ते सांगितलं. ती मला म्हणाली, आता येऊ नका, नुसता व्यायाम करत रहा. मला वाईट वाटलं, ती मला तोडून टाकतेय असं. मग कळलं, तिला आनंद झाला होता.

नानांनी मला धुळ्याला नेलं. बसस्टँडवरून घरापर्यंत मी त्यांच्या बरोबरीनं चालले. ते पुढे होऊन मागे वळून वळून माझे पाय बघत होते. घरी आल्यावर म्हणाले, आज तुझी आई पाहिजे होती. आणि संध्याकाळी मला न विचारता कोपऱ्यावरच्या टेलिफोन बूथवर जाऊन चोपड्याला निरोप दिला की पोरगी चालायला लागली, येऊन बघून घ्या.

ते आले. सासू, नवरा आणि एक चुलतसासरे. चहा झाला. मग चुलतसासरे म्हणाले की जरा चालून दाखव बेटी, त्या नळापर्यंत जा आणि ये. गल्लीच्या मध्यावर सार्वजनिक नळ होता. ते तिघं ओट्यावर बसले. शेजारच्या बाया दारात आल्या. नाना खाली उभे होते, हात मागे बांधून, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जणू त्यांनीच मशीन चालवलं होतं.

मी निघाले. पहिली काही पावलं मी चांगली टाकली. पदर सावरला, मान खाली घातली. सासूची नजर माझ्या पावलांवर होती, तोंडाकडे एकदाही नाही. बैल घेताना असंच चालवून बघतात, मी बाजारात पाहिलं होतं. मी त्यांच्यासमोरून जात असताना नवरा चुलत्याला हळूच म्हणाला, "आते वेचनीले कामले येई." कपाशी वेचायला आता उपयोगी पडेल.

तो फार हळू बोलला होता. मला ऐकू जावं म्हणून बोललाच नव्हता. मी आणखी दोनेक पावलं पुढे गेले आणि मग उजवा पाय ओढला.

ठरवलं नव्हतं. पाय ओढला गेला असंही म्हणता येत नाही, कारण पायात काही नव्हतं, तो दगडासारखा मजबूत होता. मी ओढला. नळापर्यंत लंगडत गेले, नळाला हात टेकवला आणि लंगडत परत आले. दारातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सासू ओट्यावरून उतरली. तिनं मला बसवलं, पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि अंगठ्यानं डागाच्या जागेवर जोर देऊन दाबलं. तिला खात्री करून घ्यायची होती. मला काहीही दुखलं नाही. मी किंचाळले. कसं किंचाळायचं ते मला चांगलं माहीत झालं होतं.

नाना म्हणाले की कालपर्यंत नीट चालत होती. सासू म्हणाली, मग आज काय झालं. नाना माझ्याकडे वळले आणि शांतपणे म्हणाले, "बेटी, नीट चाल." मी पुन्हा नळाकडे निघाले आणि आधीपेक्षा जास्त लंगडले. त्यांना तेव्हा सगळं कळलं, हे मी परत येताना त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मला वाटलं, आता ते सांगतील. ही सोंग करते म्हणतील. ते म्हणाले की लेझर-बिझर सगळं खोटं निघालं, जळगाववालीनं आम्हाला फसवलं, वरवर बरं केलं. चुलतसासऱ्यांनी मान हलवली. पाहुणे जेवायला थांबले नाहीत.

ते गेल्यावर नानांनी दार लावून घेतलं. मला मार बसेल असं वाटलं होतं. त्यांनी हात लावला नाही. खुंटीला टांगलेला सदरा उगाच काढला, झटकला आणि पुन्हा टांगला. मग म्हणाले, "आते लंगडीच ऱ्हाय. गल्लीमा नीट चालतांनी कोनले दिसू नको."

त्यांचं म्हणणं सरळ होतं. मी उद्या नीट चालताना दिसले तर गल्ली म्हणणार, बाप-लेकीनं मिळून सासरच्यांना बनवलं. त्यांना ते सहन होणार नव्हतं. फारकत होईपर्यंत तरी नाही, आणि फारकत झाल्यावर तर मुळीच नाही. मी म्हटलं, किती दिवस. ते म्हणाले, मला काय विचारते, तू सुरू केलं.

फारकत झाली. पंचांसमोरही मी लंगडत गेले. नवऱ्यानं पुढच्या मोसमाआधी दुसरं लग्न केलं. त्या बाईचे पाय कसे होते मला माहीत नाही, मी कधी चौकशी केली नाही.

मी धुळ्यात शिवणकाम घ्यायला लागले. दाराबाहेर पाऊल टाकलं की लंगडायचं. नळावर लंगडत, दुकानात लंगडत, देवळात लंगडत. घरात दार बंद असलं की नीट चालायचं, पण तेव्हा नाना भिंतीकडे तोंड करून बसायचे. ते माझ्या पायाकडे बघतच नसत. खोटं लंगडणं खऱ्यापेक्षा अवघड असतं. खऱ्या दुखण्यात शरीर आपोआप तोल सावरतं, खोट्यात सतत ध्यानात ठेवावं लागतं की कोणता पाय. एकदा मी घाईत डावा ओढला. समोरची म्हातारी म्हणाली, आता दुसराही गेला का गं. मी हो म्हणाले आणि आठ-पंधरा दिवस दोन्ही पायांनी लंगडले.

दीड-दोन वर्षांनी माझी डावी कंबर आणि गुडघा खरोखर दुखायला लागले. रोज सगळा भार एका बाजूला. मी जळगावला मावशीकडे गेले आणि त्याच जिन्यावरून लेझरवाल्या बाईकडे. जिना नीट चढले. तिनं मला ओळखलं, हसली. मला आत बोलावून चालायला सांगितलं. सगळं बघितलं आणि विचारलं, घोटा उत्तम आहे, मग कंबरेचं हे कशानं. मी तिला खरं सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नव्हती.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग ती टेबलावरचं काहीतरी आवरत बसली. म्हणाली, "तुमच्या गल्लीतली एक बाई टाचेसाठी येणार होती. आलीच नाही. नंतर कळलं, ती म्हणे, आमच्या गल्लीतली पोरगी अजून लंगडते, मग मी कशाला जाऊ." मी म्हणाले, नानांनी तसं सांगितलं सगळ्यांना. ती म्हणाली की धुळ्याकडचं आता कुणीच येत नाही. आवाज चढवला नाही. मी विचारलं, कंबरेला लेझर लावाल का. तिनं नाही म्हटलं. "आधी लंगडणं सोडा. सोडलं की या. तोवर माझ्याकडे तुमच्यासाठी काही नाही." आणि तिनं दार उघडून पुढच्या पेशंटला आत घेतलं, मी अजून खाटेवर बसले होते तेव्हाच. नंतर एकदा गेले तर त्या खोलीत टायपिंगचा क्लास होता.

मग मी बराच काळ मावशीकडे राहायला लागले. जळगावात मला कुणी ओळखत नव्हतं, तिथे मी सरळ चालायचे. सणावाराला आणि नानांचं काही दुखलं-खुपलं की धुळ्याला जायचे. एसटी पारोळ्याला चहासाठी थांबायची. मी खाली उतरायचे नाही. उतरलं तर कसं चालायचं, याचा निर्णय करावा लागला असता. त्या स्टँडवर दोन्हीकडची माणसं असायची.

नाना शेवटी सहा-सात महिने अंथरुणावर होते. मी धुळ्यालाच होते. मी पाणी दिलं, अंग पुसलं, त्यांचे पाय चेपले. ते कधी त्या गोष्टीबद्दल बोलले नाहीत. एकदा दुपारी दार उघडं असताना मी घाईघाईनं औषध घेऊन आले, नीट चालत, विसरून. त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. आधी मला वाटलं, वारा लागतोय. मग कळलं, ते दार लाव म्हणत होते.

ते गेले. दहाव्याला घर बायांनी भरलं होतं. पाणी संपलं म्हणून मी कळशी उचलली आणि नळावर गेले. अर्ध्या वाटेत मला जाणवलं की गल्ली गप्प झालीय. मी कळशी भरली, कमरेवर घेतली आणि तशीच, दोन्ही पायांवर सारखा भार टाकत परत आले. समोरच्या म्हातारीनं डोळ्यांना पदर लावला. ती इतर बायांना म्हणाली, "बाप जाता जाता पोरनं दुखनं लई गया." बाप पोरीचं दुखणं बरोबर घेऊन गेला, यावर सगळ्या हळहळल्या. एकीनं हात जोडले. केवढं पुण्य त्या माणसाचं, असं कुणीतरी म्हणालं.

मी कळशी खाली ठेवली, म्हटलं, हो, आणि बायांना पाणी द्यायला लागले.